बॅरिस्टर, हेग आणि ओरोसचं कोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकोणीस वर्षं मी सिंधुदुर्ग (जिल्ह्याचं ठिकाण ओरोस) आणि रत्नागिरीच्या कोर्टांत फौजदारी कामं करते. त्यातली सहा वर्षं लंडन आणि हेगमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या एका ज्येष्ठ बॅरिस्टरांची इथली ज्युनिअर म्हणून काढली. कागद गोळा करायचे, भाषांतरं करून घ्यायची, साक्षीदारांची गावं शोधायची, असं ते काम. गणपतीत सर गावी आले की अंगणात लोक जमतात आणि दरवर्षी तेच ते प्रश्न निघतात. सर चहा पीत बसतात, उत्तरं मला द्यावी लागतात. म्हणून ती एकदाची लिहून ठेवते. सरांचं नाव इथे नाही. त्यांना ते आवडत नाही, आणि वकिलाने जाहिरात करू नये हा बार कौन्सिलचा ३६ क्रमांकाचा नियम मी तरी पाळते.

बॅरिस्टर म्हणजे मोठा वकील का?

नाही. इंग्लंडमध्ये वकिलीची दोन घरं आहेत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो आणि कागद तयार करतो. बॅरिस्टर मुख्यतः कोर्टात उभा राहतो आणि सल्ला देतो. बॅरिस्टर व्हायला लंडनच्या चार 'इन्स'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकीचं सदस्य व्हावं लागतं: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल, मिडल टेंपल. भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सगळे एकाच पंगतीला बसवले. इथे सगळेच अ‍ॅडव्होकेट, बॅरिस्टर असा वेगळा दर्जाच नाही. आपल्या गावात अजून 'तो बॅलिस्टर झालो' म्हणतात, ते शंभर वर्षांपूर्वीच्या रुबाबाची आठवण म्हणून.

आणि 'सीनियर' म्हणजे वयाने?

वयाने नव्हे. आपल्याकडे त्याच कायद्याच्या कलम १६ खाली हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट एखाद्याला ज्येष्ठ वकील म्हणून नेमतं. त्यानंतर तो वकीलपत्र दाखल करू शकत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेऊ शकत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच. निवडीसाठी गुण देण्याची पद्धत २०१७ मध्ये आली आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ती बाजूला ठेवली. इंग्लंडमध्ये हाच मान किंग्ज कौन्सेलचा. रेशमी झगा मिळतो म्हणून त्याला 'सिल्क घेणं' म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्या आणि एका दिवसात सगळे क्यूसी (क्वीन्स कौन्सेल) केसी (किंग्ज कौन्सेल) झाले. सरांच्या पत्नीने तेव्हा विचारलं होतं, "मग आता पाट्या बदलायचा खर्च कोण देणार?"

कोकणातून असं कोणी झालंय का, की हे सगळं मुंबई-पुण्याचं?

यादी काढायला बसले तर रात्र पुरणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. त्यांची घटना सगळ्यांना माहीत असते, फौजदारी कामं फार थोड्यांना. १९२६ मध्ये पुण्यात एका पुस्तिकेवरून बदनामीचा खटला झाला, त्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि जिंकली. महाडच्या चवदार तळ्याचा दावा दिवाणी होता, तो हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, पण त्यांची वकिली लोकसभेतच जास्त गाजली. रायगडातल्या आंबेतचे अंतुले लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुख्यमंत्री झाले. लंडनला न जाताही मोठं होता येतं, हे सरन्यायाधीश झालेल्या उदय लळितांनी दाखवलं. आयुष्यभर फौजदारी कामं केलेला हा माणूस, मूळ गाव देवगड तालुक्यातलं गिर्ये.

टिळक रत्नागिरीत जन्मले, पण ते बॅरिस्टर नव्हते, नुसते एलएलबी. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. नव्या ज्युनिअरला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते. बाजू आणि माणूस यांत किती अंतर असतं ते त्याला तेव्हाच कळलेलं बरं.

हेगचंही कोकणाला नवल नाही. सावरकरांनी १९१० मध्ये मार्सेलिसला बोटीतून उडी मारली. फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना इंग्रजांच्या ताब्यात दिलं, ते योग्य होतं का, हा वाद फ्रान्स आणि ब्रिटनने हेगच्या लवादापुढे नेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. प्रत्यार्पणाच्या वर्गात हा निकाल आजही शिकवला जातो.

मुलाला लंडनला पाठवायचंय. आंब्याची बाग विकावी का?

विकू नका. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय, तोही दोनदा, आणि एकदा कलमं मोहरलेली असताना.

तिकडे बारचा अभ्यासक्रम पुरा केला आणि इनने 'कॉल' दिला की बॅरिस्टर ही पदवी लागते, पण काम करायचा परवाना मिळत नाही. त्यासाठी बारा महिन्यांचं पुपिलेज लागतं. पहिले सहा महिने अनुभवी बॅरिस्टरच्या मागे बसून नुसतं बघायचं, पुढचे सहा स्वतः लहान कामं करायची. त्यानंतर एखाद्या चेंबर्सने (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसने) कायम जागा दिली तर खरी वकिली सुरू. कॉल मिळालेल्यांतल्या निम्म्यांनाही पुपिलेज मिळत नाही. फी भरली की कॉल मिळेल, पुपिलेज काही पैशाने मिळत नाही. पोरगा परत येतो, नावापुढे बॅरिस्टर लावतो, आणि इथल्या कोर्टात उभंही राहता येत नाही. कारण परदेशी पदवी असेल तर बार कौन्सिलची पात्रता परीक्षा, मग सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा, हे सगळं उरतंच.

माझं मत विचाराल तर आधी इथे एलएलबी करा आणि आठ-दहा वर्षं सेशन्स कोर्टात घासा. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे, मुंबईत १८५५ पासूनचं सरकारी लॉ कॉलेज आहे. अनुभवी भारतीय वकिलाला इंग्लंडच्या बारमध्ये जायची वेगळी वाट आहे, त्यात काही टप्पे माफ होतात. सर असेच गेले. बाग शाबूत आहे, दरवर्षी पेटी येते.

'आंतरराष्ट्रीय अनुभव' म्हणजे नेमकं काय करतात?

लोकांना वाटतं, विमानातून उतरून भाषण करतात. बहुतेक काम कागद वाचण्याचं असतं, आणि ते तीन तऱ्हांचं.

पहिलं प्रत्यार्पण. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९२ चा करार आहे. भारताने एखादा माणूस मागितला की सुनावणी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात होते. तिथे प्रश्न निव्वळ गुन्ह्याचा नसतो, माणूस परत पाठवला तर त्याला ठेवणार कुठे हाही असतो. मल्ल्यांच्या वेळी, २०१८ मध्ये, न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओच मागवला. खिडकी किती, उजेड किती, पंखा आहे का. माझी पहिली कामगिरी अशीच होती: चारशे पानांचं मराठी दोषारोपपत्र इंग्रजीत करून घेणं. त्यात 'सदर इसम' हे दोन शब्द इतक्या वेळा होते की भाषांतरकार रडकुंडीला आला. कुठला सदर इसम ते प्रत्येक जागी मागे जाऊन शोधावं लागलं, आणि दोन ठिकाणी तो भलताच निघाला.

दुसरं आंतरराष्ट्रीय न्यायालयांचं. युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये, रवांडासाठी १९९४ मध्ये खास न्यायाधिकरणं झाली. कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १ जुलै २००२ पासून हेगला आहे. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण, एवढेच गुन्हे तिथे चालतात. ते न्यायालय आणि कुलभूषण जाधवांची केस जिथे चालली ते, ही दोन वेगळी. जाधवांचं न्यायालय देशादेशांतल्या वादाचं. तिथे भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे पुढे, २०२० मध्ये, इंग्लंडचे क्यूसीही झाले.

तिसरं प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे जुन्या साम्राज्यातल्या देशांचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट. भारताची अपिलं तिथे जाणं १९४९ मध्ये थांबलं, पण कॅरिबियनमधल्या काही देशांची अजून जातात. फाशीची शिक्षा झालेल्या तिथल्या कैद्यांसाठी लंडनचे कित्येक बॅरिस्टर एक पैसा न घेता उभे राहतात. १९९३ मध्ये जमैकाच्या प्रॅट आणि मॉर्गन खटल्यात ठरलं की वर्षानुवर्षं फासाच्या छायेत ठेवणं हीच अमानुष वागणूक आहे.

भारत त्या फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. मग भारतीय वकिलाला घेतात का?

घेतात. वकिलांच्या यादीला राष्ट्रीयत्वाची अट नाही. फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम हवं.

उलटतपासणी सिनेमात दाखवतात तशीच असते?

सिनेमात वकील ओरडतो. सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही.

एक प्रसंग सांगते. खुनाचा खटला, तालुका आणि वर्ष सोडून देते. मासळीच्या पैशांवरून भांडण, कोयत्याचे वार. पोलिसांचं म्हणणं, आरोपीने स्वतः लपवलेला कोयता काढून दिला. जप्तीचा पंचनामा: समुद्राकाठच्या खडपातल्या खाचेतून, दुपारी तीन ते पावणेचार. सर सुट्टीवर आले होते. इथल्या कोर्टात ते आता उभे राहत नाहीत, पण आदल्या रात्री आमच्या ओटीवर बसून त्यांनी फाइल वाचली आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी तिथी काय होती?"

सासऱ्यांनी जुनं पंचांग काढलं. चतुर्थी. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पंचनामा चालू होता तेव्हा ऐन भरती, आणि ती खाच पाण्याखाली.

दुसऱ्या दिवशी मला हे कोर्टात सरळ बोलून टाकायचं होतं. सर म्हणाले, नको, त्याच्याकडून ऐक. पंच रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला) जाणारा गडी होता, म्हणून मी मालवणीतच विचारलं.

"कपडे भिजलले?"
"नाय."
"चपला?"
"पायात होत्यो."
"सही खंय केलास?"
"थंयच, खडपार बसान."
"रापणीक कधीपासून जातास?"
"बारको होतंय तेवापासून."
"चवतीक भरती कधी येता?"

त्याने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. अर्ध्यावर थांबला. सरकारी वकिलांकडे बघितलं, मग खाली. "तिनाक," असं म्हणाला, तेही अगदी हळू.

माझ्या जिभेवर पुढचा प्रश्न होता: मग खोटं का बोललात? मागच्या बाकावर सरांनी नुसती मान हलवली आणि मी बसले. तो प्रश्न विचारला असता तर त्याला सावरायची संधी मिळाली असती. अर्थात न्यायाधीश बोटांच्या पेरांवर निकाल देत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाची छापील भरती-ओहोटीची कोष्टकं रीतसर दाखल करावी लागली. निकालपत्रात ती जप्ती विश्वासार्ह नाही असं आलं आणि आरोपीला संशयाचा फायदा मिळाला.

असा काढून दिलेला पुरावा किती ग्राह्य धरायचा, याचा नियम आजही पुलुकुरी कोटय्या खटल्यावरून सांगतात. आंध्रातल्या एका गावचा खून, गवताच्या गंजीत लपवलेला भाला, आणि निकाल दिला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, डिसेंबर १९४६ मध्ये. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. आणि आता जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारक आहे. त्यामुळे पुढच्या वेळी पाणी व्हिडिओतच दिसेल अशी आशा.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

इंग्रजी सुधारता येतं. माझी काळजी वेगळीच आहे: पोरांना आपली मालवणी नीट ऐकू येत नाही.

घाटावरून बदलून आलेल्या एका हवालदारांनी एकदा साक्षीदाराचा जबाब घेतला. साक्षीदार शेजाऱ्याबद्दल सांगत होता, "कोयतो घेवन पाणंदीन गेलो." मालवणीत 'गेलो' म्हणजे तो गेला. मी गेलो असतो तर 'गेलंय' म्हटलं असतं. हवालदारांनी प्रमाण मराठीत लिहून टाकलं, "मी कोयता घेऊन पाणंदीने गेलो." साक्षीदार बिचारा तीन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर. हवालदारांच्या मनात काळंबेरं नव्हतं, ऐकलं तसं लिहिलं.

सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. रवांडाच्या खटल्यांत साक्षीदार किन्यारवांडात बोलायचे, तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. हेगच्या न्यायालयात कानाला यंत्र लावून दुभाषाचं ऐकतात आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं, नाहीतर दुभाषा मागे राहतो आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटतं. 'मी बघितलं' आणि 'मला दिसलं' यांतला फरक पकडणारा वकील कुठेही चालतो.

गुन्हेगाराला वाचवताना काही वाटत नाही का?

एसटीत, लग्नात, देवळात, सगळीकडे हा प्रश्न. वाटतं. काही फोटो वर्षानुवर्षं डोळ्यांपुढून जात नाहीत. पण तो गुन्हेगार आहे हे अजून ठरायचं असतं, आणि ते ठरवायला मी एकटी बसलेली नाही.

इंग्लंडच्या बॅरिस्टरांना टॅक्सीच्या रांगेचा नियम लागू आहे. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीवाल्याला जसं गिऱ्हाईक निवडता येत नाही, तसं मोकळा वेळ असेल, काम आपल्या विषयातलं असेल आणि रीतसर फी मिळत असेल, तर आरोपी आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २२ आहे. कसाबलाही वकील दिला गेला. सुप्रीम कोर्टात त्याच्यासाठी नेमलेले राजू रामचंद्रन यांनी फी घेतली नाही. अमक्याचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघटना करतात ते बेकायदा आहेत, हे २०१० मध्ये मोहम्मद रफी खटल्यात सांगून झालंय. तरी ठराव होतात. मी अशा एका ठरावाविरुद्ध हात वर केला होता. पुढचे दोन महिने बाररूममध्ये माझ्या टेबलावर कोणी डबा उघडला नाही.

मुलगा बोटीवर आहे. परदेशात पकडला तर तुमचे बॅरिस्टर जातील का?

कोकणात हा प्रश्न खरोखरीचा आहे, कारण दर दोन घरांआड कोणी ना कोणी शिपवर किंवा गल्फमध्ये असतो. बहुतेक देशांत त्या देशाची सनद असलेलाच वकील कोर्टात उभा राहतो. आखाती देशांत कामकाज अरबीत चालतं. बाहेरचा बॅरिस्टर सल्ला देतो, स्थानिक वकिलाला दिशा देतो.

पहिल्या दिवशी घरच्यांनी काय करायचं ते लक्षात ठेवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाखाली अटक झालेल्याला आपल्या वकिलातीला कळवून घ्यायचा हक्क आहे, तो त्याने मागायचा. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. जहाजमालकाचा पी अँड आय क्लब म्हणजे विमा मंडळ बहुधा वकील देतं, पण तो वकील मालकाचा की आपल्या पोराचा, हे विचारून घ्यायचं. दोघांचं हित नेहमी एक नसतं. 'हीरोइक इडुन' हे तेलवाहू जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीने अडवलं, पुढे नायजेरियाच्या हवाली केलं. त्यावरचे सोळा भारतीय खलाशी मे २०२३ मध्ये सुटले. एवढ्या महिन्यांत घरच्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला असेल तर कागदांचा. म्हणून करारपत्र, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टच्या प्रती घरात ठेवा. मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, तो तर त्याच्याबरोबर जप्त होतो.

पैसा किती?

व्यापारी कामांत रग्गड, फौजदारीत बेताचा. सरकारी मदतीच्या कामांची फी इतकी घसरली होती की इंग्लंडचे फौजदारी बॅरिस्टर सप्टेंबर २०२२ मध्ये बेमुदत संपावर गेले आणि पंधरा टक्के वाढ घेऊन ऑक्टोबरमध्ये परतले. साळवेंनी जाधवांसाठी एक रुपया घेतला, पण त्यांना तो परवडतो. माझ्याकडे अजून कोणी कोणी सुरमई देऊन जातं. मी नाही म्हणत नाही.

विग घालावा लागतो?

तिकडे फौजदारीत हो, घोड्याच्या केसांचा. इथे आपल्या नशिबी काळा कोट. एप्रिलच्या दुपारी पंखा गेलेला असताना तो काय चीज आहे ते ओरोसला येऊन बघा. उन्हाळ्यात हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट सोडून इतरत्र कोट सक्तीचा नाही, हे बऱ्याच नव्या वकिलांना माहीतच नसतं.

मुलींना जमतं का?

इंग्लंडने पहिल्या बाईला १९२२ मध्ये कॉल दिला, मुंबईच्या मिठन टाटा १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. शंभर वर्षं झाली. "बाई, तुम्ही खुनाचं काम कशाला घेता?" हे मला मात्र परवाच विचारलं गेलं.

हायकोर्टाच्या कामाला अजून मुंबईलाच जावं लागतं?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. रायगड मुंबईकडेच. पहाटे कोकणकन्येतून उतरण्याऐवजी आता फोंडा किंवा आंबा घाट चढायचा, पावसात दरड बघून.

आत्ता बारावीला आहे. उद्यापासून काय करू?

सीईटीचा फॉर्म भर, तो तर आहेच. पण त्याआधी एक दिवस ओरोसला किंवा रत्नागिरीला सेशन्स कोर्टात येऊन बस. सुनावणी सहसा खुली असते, कोणी तिकीट विचारत नाही. अकराच्या आत ये, मोबाइल बंद कर, मागच्या बाकावर भिंतीच्या बाजूला बस. पंच किंवा डॉक्टर साक्षीला असेल तो दिवस निवड, जामिनाच्या दिवशी नुसती गर्दी असते. वही आण. साक्षीदार काय बोलला ते एका बाजूला लिही आणि न्यायाधीशांनी टायपिस्टला काय सांगितलं ते दुसऱ्या बाजूला. दुपारी दोनला मी कँटीनमध्ये असते, वही घेऊन ये.